धंद्यासाठी डिझायनर निवडताना नेमकं काय तपासावं? (कांदा लसूण मसाल्याचं पाकीट)

रानजाई

नमस्कार मंडळी,

कराडजवळ आमचा कांदा लसूण मसाल्याचा घरगुती व्यवसाय आहे. कृती सासूबाईंची, मसाला डंकावर कांडलेला. आजवर पारदर्शक पिशवी आणि त्यावर साधं स्टिकर एवढ्यावर भागलं. प्रदर्शनं, बचत गटाच्या ओळखी आणि पुण्यातल्या सोसायट्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप, माल इथेच संपायचा. आता सातारा आणि पुण्यातली काही किराणा दुकानं माल ठेवायला तयार झाली आहेत. पण त्यांना नीट पाकीट हवंय, बारकोडसकट. म्हणजे लोगो आणि २०० व ५०० ग्रॅमची पाकिटं नव्याने करून घ्यायची आहेत.

तिघांकडून दर मागवले. एकाने ४ हजार सांगितले, दुसऱ्याने ३५ हजार, तिसऱ्याने दीड लाख. तिघांची इन्स्टाग्रामवरची कामं देखणी आहेत. मला त्यातलं डावं-उजवं करता येत नाही. कृपया कुणाचं नाव सुचवू नका, माणूस पारखायचा कसा ते सांगा. पैसे घरच्या कमाईचे आहेत आणि दुकानदार दुसरी संधी देत नाहीत.

शाईवाला

ताई, मी छपाईवाला. पाऊच, लेबलं, खोकी हेच आमचं काम. त्यामुळे डिझायनर लोकांच्या फायली रोज उघडतो.

पहिली गोष्ट. इन्स्टावर दिसतं ते बहुतेक वेळा मॉकअप असतं. तयार पाकिटाच्या फोटोवर डिझाइन बसवलेलं असतं, ते पाकीट कधी छापलंच गेलेलं नसतं. म्हणून तिघांनाही एकच सांगा : तुम्ही केलेलं आणि बाजारात विकलं जाणारं पाकीट हातात द्या. खाण्याच्या वस्तूचं असेल तर उत्तम. नसेल जवळ, तर कुठल्या दुकानात मिळतं ते विचारा आणि स्वतः जाऊन विकत घ्या.

पाकीट हातात आलं की पुढची बाजू बघू नका, उलटं करा. डिझायनरची परीक्षा मागच्या बाजूला होते. घटकपदार्थांची बारीक अक्षरं डोळ्यांजवळ धरा. कडांना निळी-गुलाबी सावली दिसते का? दिसत असेल तर बारीक अक्षरं चार रंगांच्या मिश्रणातून काळी केली आहेत. छापताना एक रंग केसभर सरकला तरी अक्षर फुटतं. बारीक मजकूर निव्वळ काळ्या शाईत ठेवायचा हे ज्याला माहीत नाही, तो छापखान्यात कधी गेलेला नाही.

मग सील बघा. वरच्या सीलमध्ये नावाची वेलांटी गेलीय का, खालच्या घडीत पत्ता दुमडलाय का, झिपवर मजकूर आलाय का. पाऊचवाल्याकडून डाय-लाइन (सील, घडी, झिप कुठे येणार ते दाखवणारा पाऊचचा आराखडा) मागवून तिच्यावर काम केलं असेल तर हे होत नाही.

आणि बारकोड. मसाल्याचं पाकीट म्हटलं की सगळ्यांना लाल सुचतो आणि बारकोडही रंगसंगतीत बसवायचा मोह होतो. पांढऱ्यावर लाल पट्ट्या बहुतेक स्कॅनर वाचत नाहीत, कारण स्कॅनरचा उजेडच लाल असतो, त्याला त्या पट्ट्या दिसतच नाहीत. पट्ट्या काळ्या, पार्श्वभूमी पांढरी, दोन्ही बाजूंना मोकळी जागा आणि मूळ मापाच्या ८० टक्क्यांपेक्षा लहान नाही. दुकानात काउंटरवर पाकीट 'टिक' झालं नाही तर दुकानदार दुसऱ्या दिवशी सगळा माल परत करतो. मी पाहिलंय.

हळदवाडी

थोडं वेगळं मत. सांगलीकडे आमची हळद-पावडर आहे. आम्ही सुरुवातीला चार पैसे डिझाइनवर घातलेच नाहीत. भाच्याने कॅनव्हावर (तयार चित्रं-नमुने देणारं डिझाइनचं संकेतस्थळ) लेबल केलं, त्यावर चांगला माल खपला. गिऱ्हाईक चवीवर येतं. आधी दुकानं पकडा, उलाढाल वाढू द्या, मग डिझायनर बघा. ४ हजारवाला घ्या आणि मोकळ्या व्हा.

रानजाई

@हळदवाडी दादा, तुमचं पटतं आणि आम्हीही आजवर तसंच केलं. पण ओळखीच्या माणसाला मी स्वतः सांगते मसाला कसा केलाय. दुकानाच्या फळीवर मी नसणार, पाकीटच बोलणार. शेजारी मोठ्या कंपन्यांची पाकिटं असतील.

कलम१९

@हळदवाडी, लेबलापुरतं कॅनव्हा ठीक. पण तिथली तयार चित्रं तीच ती सगळ्यांना वापरता येतात. पुढे त्याच चित्राचा लोगो म्हणून ट्रेडमार्क घ्यायचा म्हटलं तर अडचण येते. रानजाई ताई, तुमच्या प्रश्नाची कायद्याची बाजू लिहितो, कारण डिझायनर पारखताना ती अगदी शेवटी आठवते.

नोकरीवर नसलेल्या, बाहेरच्या डिझायनरने काढलेल्या लोगोचा कॉपीराइट, पैसे तुम्ही दिलेत एवढ्यावरून आपोआप तुमचा होतो असं धरून चालू नका. कॉपीराइट कायदा, १९५७. त्यातलं कलम १९ म्हणतं की हक्क हस्तांतर लेखी हवं आणि देणाऱ्याची सही हवी. मुदत लिहिली नसेल तर ते ५ वर्षांपुरतंच धरलं जातं. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतंच. म्हणजे उद्या दुबईला माल पाठवायचा म्हटलं तरी प्रश्न. साध्या मराठीत एक पान पुरतं : अमुक लोगो आणि पाकिटाचं डिझाइन, सर्व हक्क, कायमचे, जगभरासाठी, अमुक रक्कम पूर्ण मिळाल्यावर. सोबत एक ओळ अशी की चित्रं, फोटो, फॉन्ट यांचे परवाने रीतसर घेतलेले आहेत.

हा कागद पहिल्याच भेटीत पुढे करा. चांगला डिझायनर वाचून दोन बदल सुचवेल आणि सही करेल. पैसे पूर्ण मिळेपर्यंत हक्क आपल्याकडे ठेवायचा आग्रह त्याने धरला तर तो रास्त आहे, त्यावरून नाराज होऊ नका. 'आपल्यात कशाला कागद' म्हणणाऱ्याबरोबर मात्र मी पुढे गेलो नसतो.

दुसरं, नाव. डिझायनरने लोगो काढायच्या आधी ट्रेडमार्कचा शोध घ्यायला हवा. सरकारी संकेतस्थळावर तो फुकट घेता येतो. ट्रेडमार्कच्या नोंदीत वस्तूंचे वर्ग केलेले आहेत : मसाले ३० व्या वर्गात येतात, लोणची २९ व्या. पुढे लोणचं काढणार असाल तर दोन्हीकडे बघा. 'घरगुती', 'शुद्ध', 'अस्सल' असल्या वर्णनाच्या शब्दांवर एकट्याचा हक्क सहसा मिळत नाही. एका वर्गाचा ऑनलाइन अर्ज व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ४,५०० रुपयांना पडतो. नोंदणी होईपर्यंत टीएम लिहा. वर्तुळातलं आर नोंदणीआधी लावणं गुन्हा आहे. तुमच्या तिघांपैकी कुणी नमुन्याच्या लोगोवर शोभेसाठी ते आर लावलंय का, तेवढं बघा. बरंच कळेल.

अक्षरवेल

मी उपयोजित कला शिकलेली, पाकिटं आणि लेबलं हाच माझा व्यवसाय. म्हणून टेबलाच्या पलीकडून सांगते.

रानजाई, पहिल्या भेटीत तुम्ही काय विचारता यापेक्षा तो काय विचारतो ते ऐका. मी असते तर आधी मसाल्याची पिशवी उघडायला लावली असती, हातावर घेऊन चोळला असता. कांदा लसूण मसाला तेलकट असतो. क्रोमो म्हणजे गुळगुळीत चकचकीत कागदाचं स्टिकर लावलं तर काही आठवड्यांत कडेने तेलाचा डाग चढतो आणि स्टिकर सुटायला लागतं. तिथे पीपीचं, म्हणजे प्लास्टिकचं स्टिकर हवं किंवा थेट छापलेला पाऊच. हे लोगो काढायच्या आधी ठरतं, कारण थेट छपाई ग्रॅव्ह्युअर पद्धतीने करायची तर प्रत्येक रंगाला एक कोरलेला सिलिंडर लागतो, त्याचा खर्च वेगळा आणि किमान माल मोठा. थोड्या मालासाठी डिजिटल छपाई किंवा लेबल बरं. सहा रंगांचा देखणा लोगो देऊन गेलेला माणूस तुम्हाला सहा सिलिंडरांचा खर्च देऊन गेलेला असतो.

मग मी विचारलं असतं : घेणारं कोण? गावाकडची चव आठवणारा पुण्यातला माणूस की रोजच्या रश्शाला मसाला लागणारं साताऱ्यातलं घर? दुकानात पाकीट उभं राहणार की हुकावर टांगणार? तुमच्याआधी त्या फळीवर कोण आहे? येत्या वर्षात आणखी काय आणणार, म्हणजे त्याच घरातलं दुसरं पाकीट ओळखू येईल? ज्याने 'तुम्हाला कुठला रंग आवडतो' एवढंच विचारलं, त्याला अजून कामाला सुरुवात करायची आहे.

आता देवनागरी. माझ्या मते मराठी धंद्यासाठी ही सगळ्यात मोठी चाळणी आहे. तिघांनाही एवढंच द्या : कांदा लसूण मसाला, शुद्ध, काश्मिरी मिरची, दुसऱ्या. आणि सांगा, तुमच्या पसंतीच्या दोन अक्षरवळणांत बसवून पाठवा.

काय बघायचं? तुमच्या नावात 'ल' दोनदा आहे. लसूणचा आणि मसाल्याचा. अनेक फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात. मराठी वळणाचे ल, श त्याच फॉन्टमध्ये बऱ्याचदा असतात, पण भाषा मराठी निवडावी लागते. ज्याला ठाऊक आहे तो करतो. 'शुद्ध'मधला द्ध जोडलेला आहे की द् चा पाय मोडून ध शेजारी ठेवलाय? मिरचीची पहिली वेलांटी म च्या आधी आहे की सरकून पुढे गेलीय? इलस्ट्रेटर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठीची सोय चालू केली नाही तर हे हमखास होतं. 'दुसऱ्या'तला अर्धा र नीट आलाय की त्याचा रफार होऊन 'दुसर्या' झालंय? चार शब्द पुरेत. पोर्टफोलिओची पन्नास चित्रं पाहून जे कळत नाही ते इथे कळतं.

नाव हाताने काढून देणारा मिळाला तर भाग्य समजा. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची नावं घडवली, तेव्हा अक्षर बघूनच नाटकाची जात कळायची. फॉन्टमधूनही चांगलं काम होतं. 'एक टाइप' या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेच्या मंडळींचे 'मुक्त' आणि 'बलू' हे फॉन्ट आहेत, दोन्ही खुल्या परवान्याचे, धंद्यात वापरायला पैसे पडत नाहीत. मात्र विकतचा फॉन्ट कुठून तरी उचलून वापरला असेल तर नोटीस पाकिटवाल्याच्या दारात येते, डिझायनरच्या नाही.

सोनटक्का

अक्षरवेल यांच्या प्रतिसादाला +१. ल आणि श चं मला आजवर माहीत नव्हतं, आता घरातली सगळी पाकिटं काढून बघतेय.

एक शंका. तिघांकडून आधी फुकट नमुना मागावा का? आमच्याकडे तशीच पद्धत आहे.

अक्षरवेल

मागू नये, असं माझं ठाम मत. फुकटचा नमुना करणारा तुमच्या धंद्याचा विचार करत नाही, तुम्हाला भुलवायचा विचार करतो. जुनीच फाईल रंग बदलून येते. वरचे चार शब्द बसवून द्यायला अर्धा तास लागतो, तेवढं कुणीही आनंदाने करेल. त्यापुढचं हवं असेल तर छोटं काम ठरवा, त्याचे वेगळे पैसे द्या आणि ते तुमचं झालं असं लिहून घ्या. निवड झाली नाही तरी दोघांचं नुकसान नाही.

काजूबाग

सावंतवाडीहून लिहितोय, आमचा काजूगर गोव्यातल्या दुकानांना जातो. आमच्यावर आलेली वेळ सांगतो, कुणाला उपयोग झाला तर.

एका एजन्सीकडून (नाव घेत नाही) पाकीट करून घेतलं. काम सुंदर होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पुढच्या वर्षी आमचा पत्ता बदलला. पत्त्याची एक ओळ बदलायला त्यांनी नव्या कामाचे पैसे मागितले. मूळ फाईल द्या म्हटलं तर 'ती आम्ही देत नाही' असं उत्तर. आमच्याकडे होतं फक्त जेपीजी. शेवटी दुसऱ्याकडून सगळं पहिल्यापासून काढून घ्यावं लागलं, आणि हंगाम ऐन भरात.

म्हणून आता आधी ठरवतो : इलस्ट्रेटर किंवा कोरलड्रॉमधली उघडी, म्हणजे बदल करता येणारी फाईल, छपाईची पीडीएफ, लोगो काळ्या-पांढऱ्यात आणि एका रंगात, वापरलेल्या फॉन्टची नावं. उघड्या फाईलचे काहीजण जास्त पैसे घेतात, ते चालेल. पण आकडा पहिल्या दिवशी कळायला हवा.

आणि जुन्या गिऱ्हाइकांना फोन करा. 'काम कसं होतं' विचारू नका, सगळे चांगलंच म्हणतात. 'दुसऱ्यांदा त्यांच्याकडेच गेलात का' एवढं विचारा आणि गप्प राहा. नंतर छपाई कुणाकडे केली ते विचारून त्या छपाईवाल्यालाही फोन लावा. फाईल किती वेळा परत पाठवावी लागली हे त्याला पाठ असतं.

शाईवाला

@काजूबाग, लाख बोललात. आमच्याकडे येणाऱ्या कुणीही विचारलं तर आम्ही खरं सांगतो, पण विचारतच नाही कुणी.

रानजाई ताई, एक राहिलं. दीड लाखवाला आणि ३५ हजारवाला यांची तुलना रकमेवरून करू नका, कामाच्या यादीवरून करा. किती पर्याय दाखवणार, बदलांच्या किती फेऱ्या, दोन्ही मापं धरली आहेत का, फोटो कोण काढणार, छापताना पहिला प्रूफ बघायला स्वतः येणार का. या शेवटच्याचे मी तरी पैसे द्यावेत म्हणेन. पडद्यावरचा लाल आणि पाऊचच्या प्लास्टिक फिल्मवरचा लाल वेगळा येतो, मशीनपाशी उभं राहून तो ठरवायला माणूस लागतो.

हळदवाडी

एक मान्य करतो. भाच्याच्या लेबलावर आम्ही सगळं मराठीत लिहिलं होतं आणि तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी ते बदलायला सांगितलं. सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत लागतो, मराठी त्याच्या जोडीला चालते. हे डिझायनरने सांगायचं की आपण?

कलम१९

जबाबदारी उत्पादकाची. दंड डिझायनरला होत नाही. पण खाण्याच्या वस्तूंची पाकिटं करतो म्हणणाऱ्याला ढोबळ नियम माहीत हवेत, आणि पारखायला हा सोपा प्रश्न आहे : 'मागच्या बाजूला काय काय यायला हवं?' त्याने न अडखळता निदान एवढं सांगावं : घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने, एफएसएसएआयचं (अन्नसुरक्षेची सरकारी संस्था) चिन्ह आणि परवान्याचा १४ अंकी क्रमांक, शाकाहारी असल्याचा हिरव्या चौकोनातला भरीव हिरवा ठिपका, निव्वळ वजन, तयार केल्याची आणि कधीपर्यंत वापरावं ती तारीख, बॅच, एमआरपी, उत्पादकाचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि ई-मेल. शिवाय एककाची किंमत. २०० ग्रॅम १२० रुपयांना विकत असाल तर प्रतिग्रॅम ०.६० रुपये असं छापावं लागतं. हे बऱ्याच जणांच्या अजून अंगवळणी पडलेलं नाही. वजनाच्या आकड्याची किमान उंचीही नियमाने ठरलेली आहे, ती बघून मगच मांडणी करायची असते.

आणि @हळदवाडी, सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं आहे. नव्या लेबलावर ते चिन्ह लावायचं असेल तर आधी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घ्या. डिझायनर ते इंटरनेटवरून उचलून लावतील, तेव्हा लक्ष असू द्या.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमचे प्रतिसाद छापून सासूबाईंना वाचून दाखवले. तिघांशीही पुन्हा बोलणं झालं, ते लिहिते, म्हणजे धाग्याचा पुढच्यांना उपयोग होईल.

४ हजारवाल्या मुलाने चार शब्द पाठवले. 'शुद्ध' मोडलेला, ल हिंदी वळणाचे. मी दाखवल्यावर म्हणाला, 'फॉन्टच तसा आहे.' छापलेलं पाकीट त्याच्याकडे नव्हतं. शिकतोय, हुशार आहे, प्रदर्शनाचे बॅनर त्याच्याकडे देईन.

दीड लाखवाली एजन्सी पुण्याची. सादरीकरण उत्तम, पण कागदावर हक्क कायमचे द्यायला तयार नाहीत, दर वर्षाचा करार म्हणतात. मोठ्या कंपन्यांना ते परवडत असेल.

३५ हजारवाल्या ताई कोल्हापूरच्या. चारही शब्द बरोबर होते, शिवाय 'लसूण'चा ल जरा मोठा काढून नावाला वळण देता येईल असं त्यांनी आपणहून सुचवलं. त्यांच्याकडची चटणीची आणि शेंगदाणा लाडूची पाकिटं आणून बघितली. मागच्या बाजूची अक्षरं स्वच्छ. त्यांच्या जुन्या गिऱ्हाइकाला तो एकच प्रश्न विचारला. 'तिसरं पाकीट चालू आहे त्यांच्याकडे' असं उत्तर आलं. घरी आल्या तेव्हा मसाला हातावर चोळून बघितला आणि सासूबाईंना विचारलं की भाकरीबरोबर कोरडा खातात का. ते मला कुणी विचारलं नव्हतं. हक्काच्या कागदावर पैसे पूर्ण मिळाल्यानंतर ही अट घालून सही करायला तयार आहेत. छापताना येण्याचे वेगळे पैसे सांगितले, तेही आधीच.

लगेच सगळं काम दिलं नाही. आधी २०० ग्रॅमच्या पाकिटाची फक्त मागची बाजू, वेगळे पैसे देऊन. ती बरोबर आली की बाकीचं.

शेवटचा प्रश्न, शाईवाले दादा. लसणाचा, मिरचीचा भाव सतत हलतो, त्यामुळे एमआरपी वर्षातून एकदा तरी बदलते. ती डिझाइनमध्ये छापून घ्यावी का?

शाईवाला

नाही. एमआरपी, एककाची किंमत, बॅच आणि तारखा यांच्यासाठी मागच्या बाजूला एक पांढरा चौकोन मोकळा सोडायला सांगा. नुसती शीर्षकं छापा, आकडे भरताना टाका. तुम्ही आकडे हाताने शिक्क्याने मारणार की कोडिंग मशीनने, ते त्या ताईंना आत्ताच सांगा. शिक्का असेल तर त्या चौकोनावर चकचकीत लॅमिनेशन किंवा वार्निश नको, शाई वाळत नाही आणि तेलकट हात लागला की तारीख पुसते. चौकोन सीलपासून बोटभर लांब ठेवा. फाईल तयार झाली की छापायच्या आधी खऱ्या मापात साध्या कागदावर काढा, तुमच्या हल्लीच्या पिशवीवर चिकटवा आणि शिक्का मारून बघा. बसत नसेल तर तेव्हाच कळतं.

रानजाई

शिक्काच आहे. त्यांना आजच फोन करते.